पवनेकाठची हॉटेलं आणि आत्याचा डबा

दरवर्षी एप्रिल संपत आला की आत्याचा फोन येतो. "काय करतीस? पोरं कशी हायेत? पाव्हणं बरं हायेत ना?" हे सगळं विचारून झालं की अगदी शेवटी, आत्ताच आठवल्यासारखं दाखवून ती विचारते, "पवनेचं पानी उतरलं का गं?" मी राहते कर्वेनगरात. पवनेचं पाणी उतरलं की चढलं हे मला कुठून कळणार? पण मी सारखी मोबाइलमध्ये असते म्हणजे मला सगळं कळतं, असं आत्याचं ठाम मत. मागच्या वर्षी खरोखरच कळलं. कुणीतरी रील टाकलं होतं. धरणाचा तळ उघडा पडलाय, बुडालेल्या गावाचे चौथरे वर आलेत आणि त्यातल्या एका चौथऱ्यावर एक बाई घेरदार झगा घालून गोल गोल फिरतेय. मी आत्याला सांगितलं, उतरलंय. ती म्हणाली, "मग औंदा मला न्हे."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तळेगावला दिलेली, आता तिथंच मुलाकडे असते. तिचं माहेर, म्हणजे माझ्या वडिलांचं गाव, धरणात गेलं. माणसं वर डोंगराच्या अंगाला येऊन राहिली, पण गावचा भैरोबा आला नाही. गाव उठलं तेव्हा माझ्या आजोबांनी त्याला कौल लावला होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचे दोन दाणे ओले करून देवाच्या दगडाला चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. आजोबांनी विचारलं, "देवा, आमच्यासंगं वर येतोस का?" डावा पडला. परत विचारलं, परत डावा. मग नव्या वस्तीत नवा दगड बसवला आणि जुना भैरोबा होता तिथंच ठेवला. त्या दिवशी आजोबा आत्याला म्हणाले होते, "पोरं इसरतील. तू ल्येक हाईस, तू तेवढी येत जा." तेव्हापासून पाणी उतरलं की वैशाखात आत्या पुरणाचा नैवेद्य घेऊन त्याच्याकडे जायची. पुढे तिचे गुडघे गेले, माझे वडील गेले, नेणारं कुणी उरलं नाही आणि बरीच वर्षं खंड पडला. मरायच्या आधी एकदा त्याला तोंड दाखवायचं, एवढंच तिचं चाललं होतं.

आता दुसरी बाजू. माझा नवरा नितीन खाण्यासाठी जगतो. पवना आणि लोणावळ्यातल्या हॉटेलांची त्याची यादी कित्येक महिन्यांपासून तयार होती, त्यातली निम्मी रीलवरून उचललेली. मेमध्ये पुण्यात बसून शिजण्यापेक्षा दोन दिवस पाण्याकाठी हिंडू, चांगलंचुंगलं खाऊ, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चला, देवही होईल आणि जेवणही होईल. मुलांना सासूबाईंकडे सोडलं आणि शनिवारी सकाळी निघालो. शहाणपणा करायला गेलं की असं होतं.

तळेगावला जायचं असेल तर एक्स्प्रेसवेच्या नादी लागू नका, जुना हायवे बरा. आत्या सोसायटीच्या फाटकाबाहेर येऊन उभीच होती. हिरवं इरकल, कपाळाला गोंदण आणि ठसठशीत कुंकू, आणि हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. पहाटे उठून तिनं पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी, इंद्रायणीचा भात, कुरडई, तुपाची वाटी. सुनेला हात लावू दिला नव्हता. डबा मागच्या सीटवर ठेव म्हटलं तर ठेवेना, मांडीवरच घेऊन बसली. "त्यो खाईस्तवर म्या काय खात न्हाई बरं का," तिनं गाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं. नितीननं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या यादीत पहिला थांबा कामशेतचा होता.

कामशेतची मिसळ उत्तम. हे मला लिहायलाच हवं, कारण तुमच्यातले अर्धे लोक फक्त त्यासाठी हे वाचतायत. रस्सा पातळ, तिखट, गरम मसाल्याचा भडिमार नाही, वर कच्चा कांदा हवा तेवढा. शंभराच्या आत पोटभर होते. आत्या गाडीतच बसली. "पाव्हणं, तुमी खावा निवांत. मला काय घाई न्हाई." तिला घाई नव्हती, पण आमच्या टेबलावरून गाडीची काच दिसत होती आणि काचेतून आत्या दिसत होती. नितीननं दुसरा पाव मागवला तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "अगं, त्या स्वतःच म्हणाल्या ना, खावा!" म्हणाल्या बाबा. खा.

कामशेतहून डावीकडे वळलं की पवनानगरचा रस्ता लागतो. बेडसे लेण्यांचा फाटा मागे टाकला की डोंगर जवळ येतात. मेमधले डोंगर, करपलेले, पण मधूनच एखादा गुलमोहर पेटलेला. आत्या खिडकीला नाक लावून बसली होती. हे आमक्याचं शेत, हितं आमी जत्रंला चालत यायचो, हितं विहीर हुती. मला विहीर कुठे दिसेना, एक रिसॉर्टची कमान दिसत होती. पवनानगरच्या बाजारात थोडी गर्दी, जीपवाल्यांची हाकाटी, मग धरण. पाणी खरंच खूप खाली गेलं होतं. कडेला तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडले होते. आत्यानं गाडीतूनच हात जोडले.

माझा चुलतभाऊ विलास इथेच काठाला हॉटेल चालवतो. धाकट्या काकांचा मुलगा. आधी तो तंबू लावायचा, आता डेक, स्विमिंग पूल, सगळं केलंय. त्याच्या जागेतून खाली भैरोबापर्यंत जायला सरळ वाट आहे म्हणून त्याला आदल्या दिवशीच फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, दुपारची जेवणं उरकू दे, चार वाजता या. आत्यासाठी सरप्राइज आहे." मला वाटलं, केक वगैरे असेल. हल्ली सगळ्याला केक असतो.

पण आत्याला चारपर्यंत दम निघेना. "येळ कशाला काढायचा? कुटनंबी खाली उतरू की." मलाही पटलं. धरणाचा काठ एवढा मोठा, वाट काय एकच असणार? लागलो शोधायला.

तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेला नसाल तर सांगते, तिथं तळं कमी आणि पाट्या जास्त दिसतात. लेक व्ह्यू, लेक टच, लेक साइड, लेक ब्रीझ. तळ्याला जेवढी नावं ठेवता येतील तेवढी ठेवून झालीत, आणि प्रत्येक पाटीमागं पत्र्याचं कुंपण. पहिलं हॉटेल नितीनच्या यादीतलंच होतं. म्हटलं, त्याचं जेवण होईल, आपण खाली जाऊन येऊ. आत गेलो. झोपाळे, बांबू, बैलगाडीचं चाक भिंतीला टांगलेलं, समोर पाणी. खुर्चीत बसतो न बसतो तोच वेटर आला.

"मॅडम, डबा आत नाही चालत. बाहेरचं फूड आहे."

"ते आमच्यासाठी नाही, देवासाठी आहे," मी म्हणाले.

तो बिचारा गोंधळला. देवाबद्दल त्याला काही सूचना नसाव्यात. "बरं, उघडू नका फक्त," म्हणाला. मग आत्याकडे वळून, "आजी, तुम्हाला काय देऊ?"

"पानी दे बाबा."

"साधं का मिनरल?"

आत्यानं समोरच्या धरणाकडे बोट केलं. "ह्येच देत न्हाई व्हय?"

खाली जायची वाट विचारली तर कळलं की पाण्याकडे फक्त रूम घेतलेल्यांना सोडतात. आम्ही रूमवाले नव्हतो, जेवणवाले होतो. 'मावळी थाळी' मागवली तर तिच्यात मंचुरियन, पनीर, आणि जिऱ्याचा तो लांब शिताचा भात. अरे, इंद्रायणीच्या माहेरात बसलाय रे! बाहेरच्या खाचरांत जो पिकतो, ज्याच्या वासानं घर भरतं, तो सोडून हा लांबडा कोरडा भात कुठून आणता? थाळी साडेचारशेला. भाकरी मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू. आत्या मांडीवर डबा घेऊन आमच्या ताटांकडे न पाहता पाण्याकडे पाहत बसली. उन्हानं तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "आत्या, निदान चहा घे." चहा घेतला, बिनदुधाचा. मला घास उतरेना आणि उतरतही होता, असलं ते जेवण.

तिथून निघून आणखी दोन ठिकाणी पाहिलं. एके ठिकाणी कुत्रं, एके ठिकाणी कुलूप. रस्त्याच्या कडेला एक बाई पळसाच्या द्रोणात करवंदं विकत बसली होती. आत्यानं काच खाली करून विचारलं, "बाय, भैरोबाकडं उतरायची वाट कंची?"

"वाट कुटं ऱ्हायलीया आता, मावशी? आमालाच म्हशी पान्याव न्हेता येत न्हाईत." मग द्रोण पुढे करून म्हणाली, "पर भैरोबा खाली न्हाई ना आता. इलासशेठनं वर घेतलाय त्याला. तुमाला ठावं न्हाई?"

आत्याला ते नीट ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. तिनं मांडीवरचा डबा सरळ केला. मी करवंदं घेतली आणि काच वर केली. नितीन म्हणाला, "वर घेतलाय म्हणजे?" मी म्हटलं, गाडी चालव.

विलासच्या हॉटेलचं नाव मी इथे देत नाही, घरचं माणूस आहे. गेट भलंमोठं, सागवानी. आणि गेटवर पाटी, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.' गेटवरच्या माणसानं बरोब्बर डबा हेरला. "माताजी, बाहर का खाना अलाउड नहीं है. यहाँ रख दो, जाते टाइम ले लेना." आत्यानं डबा पोटाशी धरला. सकाळपासून पहिल्यांदाच ती चिडली. "माज्या भावाची जागा हाय ही! आन मला आडवतोस?" त्याला मराठी कळलं नाही पण आवाज कळला. तेवढ्यात आतून विलास धावत आला, "अरे छोड, आत्या आहे माझी!" आणि भर गेटात तिच्या पायावर डोकं ठेवलं. आत्याचा राग लगेच विरला. त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली तिनं.

"डोळे मीट आत्या."

"कशापायी?"

"मीट गं!"

तिचा हात धरून तो तिला डेकवर घेऊन गेला. आम्ही मागे. डेकला लागून निळाशार पूल, पुलात दोनतीन कुटुंबं डुंबत होती, गाणी चालू होती. आणि पुलाच्या कोपऱ्यावर, सिमेंटच्या ओट्यावर, स्टीलच्या रेलिंगमध्ये, वर रंगीत दिव्यांची माळ सोडलेला एक दगड उभा होता. चकचकीत केशरी ऑइल पेंट. चांदीचे नवे डोळे, मिशा. शेजारी पाटी, 'प्राचीन भैरवनाथ' आणि खाली मोबाइलवर टाकायचा हॅशटॅग.

"उघड आता."

आत्यानं डोळे उघडले, लांबूनच हात जोडले आणि विचारलं, "ह्यो कुनाचा द्येव रं?"

विलास हसायला लागला. "आपलाच! भैरोबा! ओळखला नाहीस होय?"

आत्या पुढे गेली. चपला काढल्या. समोरून तिनं पाहिलंच नाही, रेलिंगमधून हात घालून दगडाच्या पाठीवरून फिरवत राहिली. पाठीला खालच्या अंगाला एक खाच आहे, लहानपणी ती आणि गावातल्या पोरी तिथं दिव्याचं तेल ठेवायच्या, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिचा हात त्या खाचेत थांबला. तिथंही रंग पोचला होता.

"कौल लावलावता का?" तिनं विचारलं.

"अगं आत्या, पोकलेन दोन तासांसाठीच मिळालं होतं. पाणी चढायच्या आत काढायचं होतं त्याला."

"आन त्यो न्हाई म्हनला असता तर?"

"म्हणून तर विचारलं नाही!" विलास मनापासून म्हणाला. खरंच मनापासून. त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं.

मी त्याची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. तो म्हणाला की वर्षाचे नऊ-दहा महिने देव गाळात असायचा. पाणी उतरलं की पोरंपोरी चपला घालून वर चढायची, बाटल्या फोडायची. "आता निदान रोज उदबत्ती लागते. ओटा आहे. भटजी येतो सोमवारी. मी वाईट केलं का, सांग ना ताई."  बाटल्यांचं खरं असणार.

आत्यानं पिशवीतून गव्हाची पुडी काढली. ती घेऊनच आली होती, देवाला काहीतरी विचारायचं असणार तिला. काय विचारायचं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण आता तिनं वेगळंच विचारलं. दोन दाणे वाटीतल्या पाण्यात ओले केले, एक उजवीकडे लावला, एक डावीकडे, आणि हात जोडून मोठ्यांदा म्हणाली, "देवा, हितं ऱ्हायचंय का तुला?"

दाणे टिकलेच नाहीत. गुळगुळीत ऑइल पेंट तो. बोट काढलं तशी दोन्ही एकदमच घसरून खाली. आत्यानं ते उचलले, पुन्हा ओले केले, पुन्हा लावले. पुन्हा दोन्ही खाली. पूर्वी म्हणे दगडाच्या खड्ड्यात दाणा धरायचा, माणसं घटकाघटका बसून राहायची तो पडायची वाट बघत. पुलातली एक बाई कठड्याला हनुवटी टेकवून बघायला लागली होती. वेटर मोबाइल धरून उभा होता. आत्या वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, रेलिंगखाली सांडलेले दाणे वेचत होती. मी म्हटलं, "आत्या, पुरे." तिनं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा लावले.

"बघ," विलास समजुतीच्या सुरात म्हणाला, "दोन्ही पडतायत. म्हणजे त्याची हरकत नाही."

"न्हाई रं," आत्या म्हणाली. "म्हंजी त्याला बोलताच येईना. त्वांड लिंपलंय तुमी त्येचं."

माझं डोकं फिरलं. मी विलासला नाही नाही ते बोलले. देव विकायला काढलास, बापाला विचारलंस का, भावकीला विचारलंस का, लाज वाटते का. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, खाली होता तेव्हा तू किती वेळा आलीस? आणि भावकीला विचारलं होतं. जागेच्या हिश्शाचं काय ते बघू म्हणाले, देवाचं कुणी काहीच म्हणालं नाही."  तरी मी बोललेच काहीतरी. रागात माणूस गप्प थोडाच बसतो.

"आत्या, नैवेद्य दाखव ना," विलास म्हणाला. "ताट देऊ का चांगलं?"

"कुटं दावू?"

"इथंच की."

मी म्हटलं, आपण खाली जाऊ, तो जिथं होता तिथं ठेवू. त्यावर विलास अवघडला. खालचा खड्डा त्यानं भरून घेतला होता, बोटी चढवायला उतार केला होता सिमेंटचा. वरूनच दिसत होता तो, पिवळ्या बोटी उलट्या घालून ठेवलेल्या. आत्यानं एकदा तिकडे पाहिलं, एकदा केशरी दगडाकडे. मग डब्याच्या फडक्याची सुटलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.

त्यानंतर विलासनं आम्हाला जेवू घातलं. आणि सांगायला मला जड जातंय, पण त्या संपूर्ण सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण तेच. चुलीवरचं मटण, काळ्या वाटणाचं, पवनेतली मरळ तव्यावर भाजलेली, आणि भात इंद्रायणीचा, मऊ, वासाचा. गेलात तर आधी फोन करून जा, शनिवार-रविवार जागा मिळत नाही. मी रडत रडत जेवले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी दोनदा भात घेतला. आत्या शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसली होती. निघताना विलासनं तिला साडीचोळी केली. माहेरवाशीण म्हणून त्याच्या बायकोनं ओटी भरली, आणि वेटरनं तेही शूट केलं. "आत्या, इकडे बघा, जरा हसा." आत्या हसली. कुणी हस म्हटलं की हसायचं, एवढी रीत तिला येते.

पवनेहून लोणावळ्याला दुधिवरे खिंडीतून रस्ता आहे. नवख्या ड्रायव्हरनं जपून जावं, वळणं अवघड आहेत, पण खिंडीतून मागं पाहिलं की सगळं धरण एका नजरेत दिसतं. आम्ही थांबलो नाही. आत्यानंही थांब म्हटलं नाही. मी म्हटलं, "आत्या, एखादी गाय बघू, तिला घालू नैवेद्य. चालतं ना?" ती म्हणाली, "चालतं की." पण रस्त्यात गायी भेटल्या तेव्हा काही बोलली नाही, आणि मलाही गाडी थांबव म्हणवेना.

लोणावळ्यात पोचेस्तोवर दिवे लागले होते. बाजारात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. मेमध्ये लोणावळा थंड असतो ही अफवा आहे, ती हॉटेलवाल्यांनी सोडलीय. खोली मिळाली, पण पंख्याचा आवाज फार. खाली हॉटेलात जेवायला बसलो, हातभर लांब मेनू कार्ड, पंजाबी, चायनीज, सगळं. नितीन दबकत दबकत म्हणाला, "आत्या, तुमच्यासाठी फळं आणू का? केळी?"

"कशाला?" आत्या म्हणाली. "तुमी जे खाताय ते सांगा मलाबी."

मी मेनू कार्ड खाली ठेवलं. "अगं पण, नैवेद्य..."

"पोटाला पायजे ना मेघे. आन काय असंल ते."

आलं ते नूडल्स आणि कसलीशी लाल भाजी. सकाळपासून दोन घोट चहावर काढलेली बाई, जिनं कामशेतच्या मिसळीला, भाकरीला, इंद्रायणीला हात लावला नव्हता, ती काट्यानं नूडल्स गोळा करत मुकाट्यानं जेवली. हे काय आहे असंही विचारलं नाही. ताट पुसून घेतलं. वेटरनं जेवण कसं होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "बरं हाय." डबा तिच्या पायाशी होता. त्या हॉटेलात बाहेरच्या पदार्थांना मनाई नव्हती.

रविवारबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चिक्की घेतली, फज घेतला. भुशीला मेमध्ये पाणी नसतं, उगाच जाऊ नका. खंडाळ्याला दरीच्या कठड्याशी चहा प्यायलो, धुरकट हवेत काही दिसलं नाही. दुपारी तळेगावला आत्याला सोडलं. गाडीतून उतरताना तिनं डबा माझ्या हातात दिला. झाकण उघडलं नव्हतं तरी आंबूस वास यायला लागला होता. "सुनंला नको दावू. गटारात टाकू नगंस, एकांद्या झाडाच्या बुडाशी घाल." मी कर्वेनगरात आल्यावर सोसायटीच्या सोनचाफ्याखाली खड्डा केला आणि पोळ्या, आमटी, भात, सगळं त्यात घातलं. वॉचमन म्हणाला, मॅडम, ओला कचरा मागच्या डब्यात टाका. मी खड्ड्यावर माती लोटली.

हे सगळं लिहायला वर्ष लागलं. मध्ये विलासचं रील आलं, आत्या हसतेय, ओटी भरली जातेय, मागे केशरी भैरोबा. खाली शेकडो लोकांनी हात जोडलेत. दिवाळीत त्यानं मेनू कार्डाचा नवा फोटो पाठवला. त्यात एक ओळ वाढलीय, 'आत्याची नैवेद्य थाळी', पुरणपोळी, कटाची आमटी, इंद्रायणीचा भात, कुरडई. म्हणाला, ताई, आत्यावरूनच सुचलं, तिला सांग, खूश होईल. मी नाही सांगितलं. लोक चांगली आहे म्हणतात. असेलही, त्याच्या बायकोच्या हाताला चव आहे.

काल आत्याचा फोन आला. एप्रिल संपत आलाय. पोरं कशी आहेत झालं, पाव्हणं बरे आहेत का झालं, हापूस किती महाग झालाय तेही झालं. मी वाट बघत होते. ती "ठिवते गं" म्हणाली तेव्हा मलाच राहवलं नाही.

"आत्या, पवनेचं पाणी उतरलंय बरं का. यंदा लवकर."

"उतरंना का," आत्या म्हणाली. "आपल्याला काय करायचंय?"